खर्जाची तार

मी गवसणीतून तंबोरा काढला तेव्हा त्या खोलीतल्या कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. लंडनमध्ये सात वर्षं काढल्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी मंडळाच्या दिवाळीला किंवा कुणाच्या घरच्या बैठकीला तंबोरा दिसला की माणसं फोटो काढत, भोपळ्यावर टिचक्या मारत, ही सतार का म्हणून विचारत. इथे एकजण जमिनीवर मांडी घालून पत्र्याच्या डब्यात छोटी मोटर फिरवून बघत होता. एक बाई बासरीचे तुकडे वेगळे करून नुसत्या वरच्या तुकड्यात फुंकर घालत होती. कोपऱ्यातल्या मुलीनं ड्रमवर झांज आडवी ठेवली होती आणि ती गजाला राळ घासत बसली होती. त्या सगळ्यांत माझा तंबोरा म्हणजे आवाज करणारी आणखी एक वस्तू. मी खुर्ची ओढली आणि तारा मिळवायला घेतल्या.

2010 सालची, थंडीतली शुक्रवारची संध्याकाळ होती. एडी प्रेवो या तालवादकानं 1999 च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये दर शुक्रवारची एक कार्यशाळा सुरू केली. मी आले होते ती त्याच कार्यशाळेत. येऊ इच्छिणाऱ्या कुणालाही तिथे मज्जाव नव्हता. प्रेवो हे ‘एएमएम’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक. 1965 मध्ये हा गट लंडनमध्ये सुरू झाला. त्यातले कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर वस्तू घासत आणि मधेच ट्रान्झिस्टर लावून त्यातून जे येईल ते वादनात घेत. संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू पुढच्याच वर्षी त्यांना सामील झाले. राग नाही, ताल नाही, चाल नाही, आधी ठरवलेलं काही नाही. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी गेले ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक पोर्तुगीज सहकारी ‘चल एकदा’ म्हणाला म्हणून. तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि मी तंबोऱ्याला बसते हे त्याला माहीत होतं.

तंबोऱ्याला बसते, यापलीकडे माझं संगीतातलं कर्तृत्व नाही. मिरजेत वाढले. सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचा रस्ता होता, आणि उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्याला आत्या मला शाल गुंडाळून न्यायची. अकरा वर्षं बाईंकडे गाणं शिकले. गळा बरा होता, बैठक जिंकण्याइतका नव्हता. पण तंबोरा मला चांगला जुळवता येई, म्हणून बाईंच्या मागे मीच असायचे. निवेदक तबल्याचं नाव सांगे, पेटीचं सांगे, कधीकधी तंबोऱ्याचं राहून जाई. त्याचं मला वाईट वाटत नसे. तिथून गाणं जसं ऐकू येतं तसं ते पहिल्या रांगेतूनही येत नाही.

कार्यशाळेत सगळे गोलात बसतात. दोघं वाजवायला लागतात. थोड्या वेळानं त्यातला एक थांबतो आणि त्याच्या पुढचा सुरू करतो, मग दुसरा थांबतो, चौथा येतो, अशी साखळी गोलभर फिरते. कुणी कुणाला सूचना देत नाही, झाल्यावर वाहवा नाही आणि चुकलं असंही नाही. माझी पाळी आली. पंचम, जोड, खर्ज, बाईंनी शिकवला तसा संथ, सारखा तंबोरा मी छेडायला लागले. अर्ध्या मिनिटात शेजारचा क्लॅरिनेट माझ्या षड्जावर येऊन टेकला. पुढची बासरीही तिथेच आली. जो येईल तो माझ्या सुरात येत होता, आणि खोली एकदम शांत, भरल्यासारखी झाली. मला फार आनंद झाला.

चहाच्या वेळी झांजवाली मुलगी माझ्याजवळ आली. अथेन्सहून शिकायला आलेली. ती सौम्यपणे म्हणाली, “तू वाजवतेस तेव्हा मला दुसरं काही वाजवताच येत नाही.” मी ते कौतुक समजले आणि थँक्यू म्हणाले. घरी जाताना ट्यूबमध्ये तिच्या बोलण्याचा अर्थ लागला.

तीन शुक्रवार मी गेले नाही. राग तिच्यावर नव्हता. मला वाटत होतं, तंबोऱ्याला जे येतं तेच जर इथे नको असेल, तर मी तिथे काय करायचं? त्या दिवसांत क्लॅरिनेटवाल्यानं मला डेरेक बेली यांचं उत्स्फूर्त वादनावरचं पुस्तक आणून दिलं. बेली हे शेफील्डचे गिटारवादक, 2005 च्या नाताळच्या दिवशी लंडनमध्ये वारले. पुस्तक 1980 चं आहे आणि त्याची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. लंडनमधले सतारवादक विराम जसानी यांच्याशी बोलून त्यांनी तो भाग लिहिला. रोज रात्री जेवणं झाल्यावर मी चार-पाच पानं वाचत असे. बेलींनी 1976 मध्ये ‘कंपनी’ नावाचा एक गट काढला होता. त्याला कायमचे सभासद नव्हते. वेगवेगळ्या देशांतले, कधी एकत्र न वाजवलेले वादक ते एकत्र आणत, आणि जी माणसं त्या वेळी मंचावर असतील ती कंपनी. एकमेकांची सवय झाली की वादक ऐकणं कमी करतात, म्हणून माणसं बदलत ठेवायची, असं मला त्यातून उमगलं. मी अकरा वर्षं एकाच बाईंच्या मागे बसलेली. माझ्या गळी हे लगेच उतरलं नाही.

चौथ्या शुक्रवारी गेले, पण तंबोरा न नेता. नुसती गोलात बसले. अथेन्सची मुलगी झांज कशी वाजवते ते त्या दिवशी नीट पाहिलं. डाव्या हातानं ती झांजेचा घुमट हलका दाबून धरते. गज आडवा नाही, उभा. झांजेच्या कडेला लावून ती तो खालून वर ओढते, अगदी सावकाश. पहिल्या वेळी नुसती खरखर येते. दुसऱ्या वेळी तिनं गज कडेवर बोटभर सरकवला आणि एक बारीक, उंच सूर निघाला. तो कुठून येतो आहे ते खोलीत कुणालाच सांगता आलं नसतं. तिनं तो वाढवला नाही. गज काढून घेतला आणि झांज आपोआप विझू दिली. तोवर पुढच्यानं सुरुवातही केली नव्हती. तोही ऐकत थांबला होता. हे मला ओळखीचं होतं. जवारी लावताना आम्ही हेच करतो.

घरी आल्यावर तंबोरा आडवा घेऊन बसले. तार घोडीवरून जाते तिथे तिच्याखाली दोरा सरकवतो, रेशमी किंवा सुती. दोरा नसला की तार टणक, कोरडी बोलते. दोरा घालून केसाएवढा पुढेमागे केला की एका जागी ती अचानक उघडते आणि एका तारेतून तीन-चार स्वर चढताना ऐकू येतात. आम्ही ती जागा शोधायची, सापडली की दोऱ्याला हात लावायचा नाही. मी त्या रात्री पहिल्यांदा दोरा थांबू दिला नाही. एका हातानं खर्ज छेडायचा आणि दुसऱ्या हातानं दोरा सरकवत राहायचा. जवारी मिटलेली, उघडणारी, पूर्ण उघडलेली, पुन्हा मिटत गेलेली. नंतर दोरे काढूनच टाकले. खर्जाची पितळी तार एवढी सैल केली की ती घोडीवर नुसती फडफडली. भोपळ्यावर बोटाचं पेर घासलं तर पोटातून खोल, लाकडी हुंकार आला.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. ज्या वाद्याला वाजवण्याआधी हात जोडायचे, ते मुद्दाम बेसूर करायचं? रविवारी बाईंना मिरजेला फोन केला आणि सगळं सांगितलं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “जवारी कुठे उघडते ते ऐकायला तुला दोन वर्षं लावली होती मी. आता ती कशी उघडते ते ऐकते आहेस. ऐक. फक्त ठेवताना पुन्हा जुळवून ठेव.” आजही वाजवून झालं की मी तंबोरा जुळवते आणि मगच गवसणी घालते.

पुढच्या दोन वर्षांत त्या शुक्रवारच्या माणसांतून आमचा एक गट जमला. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तशी मी मनातल्या मनात त्यांची नावं पाडली होती: झांजेवरची अथेन्सकर, क्लॅरिनेटवाला लिस्बनकर, पत्र्याचे डबे वाजवणारा ओसाकाकर, बासरीच्या बाई ब्रिस्टलकर. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ती नावं त्यांनी आपापसातही वापरायला सुरुवात केली. गटाला मात्र नाव ठेवलं नाही. पत्रकावर त्या रात्री वाजवणाऱ्यांची नावं लिहायची, एवढंच.

असे गट आमच्या आधी अनेक होऊन गेले. लिस्बनकरच्या स्वयंपाकघरात आम्ही त्यांच्या तबकड्या ऐकत असू. 1966 मध्ये रोममध्ये राहणाऱ्या काही अमेरिकन संगीतकारांनी ‘म्यूझिका एलेत्रॉनिका व्हिवा’ काढलं. फ्रेडरिक झेव्हस्की, अल्विन करन, रिचर्ड टाइटलबाउम हे त्यातले. झेव्हस्की काचेच्या तावाला मायक्रोफोन चिकटवून ती काच खरवडत, करन तेलाच्या रिकाम्या डब्यातून आवाज काढत. पुढे त्यांनी ऐकायला येणाऱ्यांनाच वाद्यं आणायला सांगितलं. माणसं येत-जात राहिली, आणि तरीही तो गट पन्नास वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिला. ओसाकाकर त्या डब्याचा आवाज लागला की खुर्ची स्पीकरजवळ ओढायचा.

आमच्या गटातली माणसंही बदलत गेली, पण आमच्याकडे त्यामागे काही तत्त्व नव्हतं. ओसाकाकरच्या व्हिसाची मुदत संपली. अथेन्सकरची आई आजारी पडली म्हणून ती परत गेली. लिस्बनकरला लंडनचं घरभाडं परवडेना, तो 2013 मध्ये आपल्या गावी गेला. माणूस गेला की त्या गावी गटाची एक फांदी फुटायची. लिस्बनला कुणी चेलोवाली आली, अथेन्सला एक म्हातारे लोहार आले, ते ऐरणीवर वाजवत. प्रयोगशील संगीतावर लिहिणारे अशा बदलांत सौंदर्य पाहतात. आहेही. पण त्यामागे व्हिसा, भाडं, आजारपण आणि बाळंतपणं असतात, हेही लिहायला हवं.

माझा पासपोर्ट भारताचा. लंडनमध्ये राहत असूनही लिस्बनला एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी मला शेंगेन व्हिसा लागायचा. पगाराची पत्रं, बँकेचे हिशेब, परतीचं तिकीट, बोटांचे ठसे. बाकीचे पासपोर्ट किंवा ओळखपत्र खिशात टाकून निघत. 2015 मध्ये माझा व्हिसा वेळेत आला नाही तेव्हा तंबोरा ब्रिस्टलकर बाई घेऊन गेल्या आणि चेलोवालीनं तो वाजवला. मी फोनवरून तिला खुंट्या आणि मणी समजावले. एका विमान कंपनीनं परतीच्या प्रवासात दांडीला चीर पाडली, ती मी मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणली. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर बाकीच्यांनाही कागदपत्रं गोळा करावी लागली, तेव्हा अथेन्सकरनं मला फोन करून विचारलं, “तू हे दर वेळी करत होतीस?”

लिस्बनमधली एक रात्र सांगते. जुन्या गोदामात कार्यक्रम होता, ऐकणारे वीस-बावीस. दारातल्या टोपलीत जमलेले पैसे सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला रात्रीचं जेवण आलं. त्या दिवशी आम्ही ‘कंडक्शन’ करून पाहिलं. न्यूयॉर्कच्या बुच मॉरिस यांनी 1985 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मंचावर आणली. 1997 मध्ये ते मोठ्या ताफ्यासह इंग्लंडात फिरले आणि त्यातूनच पुढे लंडन इम्प्रोव्हायझर्स ऑर्केस्ट्रा उभा राहिला. यात समोर एकजण उभा राहून हातांच्या खुणांनी वादकांना जागच्या जागी रचना करायला लावतो. डावा तळहात वर करून पुढे केला की धरून ठेवा. अंगठा आणि बोटांनी इंग्रजी ‘U’चा आकार केला की तेच पुन्हा. बोटं कपाळाला लावून एक आकडा दाखवला की आत्ता जे चाललंय ते लक्षात ठेवा, पुढे कधीही तोच आकडा दाखवीन, तेव्हा तिथेच परत यायचं.

ही कपाळाची खूण मला फार आवडली. मुखड्यावर येण्याची सवय असलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही. वीस मिनिटांनी, बरंच काही होऊन गेल्यावर, समोरच्यानं कपाळाला हात लावून एक बोट दाखवलं आणि आम्ही अकरा जण एका क्षणात सुरुवातीच्या जागी आलो. मी एकटी तिहाईनंतर समेवर हलवावी तशी मान हलवत होते. तरी खरं सांगायचं तर कुणीतरी समोर उभं राहून चालवण्यापेक्षा मला आमचा गोलच जास्त मानवतो.

मग 2020 चा मार्च आला. सगळे आपापल्या घरात. ग्लासगो इम्प्रोव्हायझर्स ऑर्केस्ट्रानं झूमवर वादन सुरू केलं आणि निरनिराळ्या देशांतले वादक त्यात येऊ लागले, हे कळल्यावर आम्हीही दर रविवारी भेटायचं ठरवलं. ओसाकात रात्रीचे दहा, लिस्बनमध्ये दुपारचे दोन. सात वर्षांनी ओसाकाकर पुन्हा गोलात आला. पहिल्या रविवारी मी तंबोरा छेडला आणि सगळे म्हणाले, तुझं बोट हलताना दिसतंय, आवाज येत नाही. माझा माइक ठीक होता. कामाच्या बैठकांसाठी बनवलेलं ते यंत्र सतत चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार समजून गाळून टाकत होतं. जे शिकायला मला वर्षं लागली, तो अखंड, सारखा, कुठेही न तुटणारा झंकार त्याच्या हिशेबी केर होता. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय सेटिंगमध्ये सापडली तेव्हा कुठे खर्ज पलीकडे पोचला.

उशीर मात्र राहिलाच. हवेतून दहा मीटर जायला आवाजाला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात. झूमवर त्याच्या कितीतरी पट लागत. तबल्याची संगत अशी होऊ शकत नाही. आमच्याकडे ताल नव्हता, म्हणून आमचं निभावलं. प्रत्येकाला वेगळाच क्रम ऐकू येत होता. लिस्बनकरनं ऐकलेली मैफल आणि मी ऐकलेली मैफल एक नव्हती. हे कळल्यावर आम्ही आणखी सावकाश वाजवायला लागलो, आवाज सोडून जास्त वेळ थांबायला लागलो.

2021 च्या मे महिन्यात बाई गेल्या. कोविडनं. ब्रिटननं एप्रिलच्या अखेरीस भारताला लाल यादीत टाकलं होतं. मला जाता आलं नाही. त्यांच्या भाच्यानं व्हिडिओवर दुरून काही दाखवलं, ते मी पाहू शकले नाही. त्या रविवारी मी झूमवर आले ती केवळ घरात एकटं बसवेना म्हणून. लिस्बनकरला माहीत होतं, त्यानं बाकीच्यांना सांगितलं असावं. मी काही बोलले नाही. तंबोरा घेतला आणि जुळवायला लागले. पंचम उतरला होता. जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळेनात. मणी वर, मणी खाली. दोरा काढला, पुन्हा घातला. हात थरथरत होता म्हणून जवारी उघडायची ती मिटायची. वीस मिनिटं तरी मी नुसता तंबोरा जुळवत होते. पडद्यावर नऊ चौकटी. ओसाकाकरचा डबा मांडीवर, अथेन्सकरचा गज हातात, क्लॅरिनेट ओठांशी. कुणीही वाजवलं नाही. कुणी माइक बंदही केला नाही. त्यांच्या घरांतले बारीक आवाज येत होते, कुठे केटल, कुठे रस्ता. शेवटी चारही तारा लागल्या. मी एक आवर्तन छेडलं आणि थांबले. सगळे विझेपर्यंत ऐकत होते.

पुढच्या वर्षी प्रवास सुरू झाला. आता गटातले निम्म्याहून अधिक लोक लिस्बनच्या आसपास आहेत, आणि तंबोरा दर वेळी विमानातून नेण्यात त्याचे हाल होतात. म्हणून 2022 च्या सप्टेंबरात मी तो लिस्बनला ठेवून आले. घरी दुसरा आहे, बाईंचा, तो मी रोज जुळवते. चेलोवाली लिस्बनचा सांभाळते. जुळवून झाल्याशिवाय गवसणी घालायची नाही, हे तिला सांगितलं आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी भावानं मला पाठवली आणि मी सगळ्यांना. ओसाकाकरनं विचारलं, भोपळा कुठे पिकतो? पंढरपूरकडे, असं मी कळवलं.

मागच्या महिन्यात लिस्बनच्या तंबोऱ्याची खर्जाची तार तुटली. मिरजेहून पितळेच्या दोन तारा पाठवल्या आहेत. एक लावायला, एक ठेवायला.